मध्यंतरातला सत्कार

कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला होता आणि सकाळपासून मिठ्यांचा नुसता सपाटा चालला होता. कुणी मुंबईहून आलेलं, कुणी पुण्याहून, एक जण तर थेट मस्कतहून. टक्कल पडलेले दुसऱ्याच्या टकलावर हात फिरवून खात्री करून घेत होते. "अगो, तूच काय ती?" "मीच गो! पण आता दोघींयेवडी!" असं म्हणून बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, आणि संध्याकाळी कीर्तन होतं. दरवर्षी ऑर्केस्ट्रा असायचा. यंदा कीर्तन, तेही याच कॉलेजात शिकलेल्या प्राजक्ताचं.

नऊवारी नेसून, पदर खोचून प्राजक्ता मांडवामागे उभी होती. देवळादेवळांतून तिची किती कीर्तनं झाली होती, पण आज छाती ढोलासारखी वाजत होती.

"तुका नव्वारीत बघून पोरां विचारतत, लगीन कोणाचा आसा?" तिची बाकावरची जुनी मैत्रीण दीपिका हसत आत आली. दोडामार्गची दीपिका, रविवारीसुद्धा गोव्यात नोकरीला जाणारी. आज मुद्दाम रजा काढून आली होती.

"दीपे, सर इले?" प्राजक्ताला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"इले. पयल्या रांगेत आसत. पण सांगान ठेवतंय, मांडीर पिशी धरून बसलेत. कधी उठतीत भरवसो नाय."

सर म्हणजे मराठीचे आरोसकर सर. प्राजक्ता त्यांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी. एम. ए. झाल्यावर सरांनीच खटपट करून तिला इथे शिकवायला लावलं होतं. दोन वर्षं तिने शिकवलंही. मग कीर्तनाचं असं वेड लागलं की नोकरी सोडून ती कुडाळला एका कीर्तनकार बाईंकडे जाऊन राहिली. सर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "वर्ग सोडून टाळ कुटायला निघालीस? जा." त्या दिवसापासून बोलणं बंद. गावात कीर्तन असलं की ती आमंत्रण पाठवायची, सर यायचे नाहीत. आज मेळाव्याच्या निमित्ताने का होईना, समोर बसले होते. देवाकडे तिचं मागणं एकच होतं: एकदा तरी त्यांनी आपलं कीर्तन आरतीपर्यंत ऐकावं.

मेळाव्याचा सगळा कारभार दोघींच्याच वर्गातल्या सुदेशकडे. तो घाम पुसत आला. "प्राजक्ता, आटपता घे हां. मागसून वडे तळूक सुरवात झाली आसा. आयतवारची कोंबडी आणि वडे सोडून देव तरी ऐकाक बसतलो काय?"

"देव बसतलो रे. तुजीच माका खात्री नाय," दीपिका म्हणाली.

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. पेटीने सूर धरला, तबल्यावर थाप पडली आणि प्राजक्ताच्या हातातल्या चिपळ्या बोलू लागल्या. नमन झालं, आणि पूर्वरंगाला तिने विषय घेतला परतण्याचा. पाखरू घरट्याकडे परततं ते घरटं मोठं असतं म्हणून नाही; तिथे त्याचा किलबिलाट ओळखणारं कुणीतरी असतं म्हणून. "आणि इथे तर," ती हसत म्हणाली, "तुमचा किलबिलाट ओळखणारे हजेरीसुद्धा घ्यायचे!" मांडव खळखळून हसला. मस्कतवाला तर उभा राहून "हजर!" म्हणाला. ती बोलायची, मध्येच गायची, गाता गाता टाळी मागायची, आणि टाळी मिळायची. सरांचा चेहरा मात्र कोऱ्या पाटीसारखा. पिशवी मांडीवर तशीच.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे संस्थेच्या अध्यक्षांनी येऊन प्राजक्ताच्या गळ्यात हार घातला. आता घटकाभर नामाचा गजर व्हायचा आणि मग उत्तररंगात आख्यान सुरू व्हायचं. पण गजर उठायच्या आतच सुदेशने माईक पकडला. कीर्तनात मध्यंतर असतं, एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं आणि मेळाव्याचे राहिलेले सगळे सत्कार त्याने तिथेच बसवले होते. आपल्याकडे माईक हातात आलेला माणूस सत्काराशिवाय खाली उतरत नाही.

शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल, श्रीफळ, टाळ्या. देणगीदार झाले, मांडववाला झाला, वडेवालासुद्धा हात पुसत वर येऊन गेला. तापलेला मांडव थंड होऊ लागला. मागच्या रांगांची नाकं वड्यांच्या वासाकडे वळली, आणि नाकांमागून माणसं उठू लागली. प्राजक्ता गळ्यात हार, हातात चिपळ्या घेऊन उभीच. उभं राहिलेलं कीर्तन बसत नाही.

"आणि आता," सुदेशचा आवाज चढला, "आपले सगळ्यांचे लाडके आरोसकर सर! सरांचा सत्कार करणार आहे त्यांचीच विद्यार्थिनी, कीर्तनकार प्राजक्ता!"

सर सावकाश पायऱ्या चढून आले आणि समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत इतक्या जवळून ती त्यांना प्रथमच बघत होती. किती वाळले होते! तिने शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, नारळ हातात दिला.

"पायां पड गो!" खालून कुणीतरी ओरडलं.

"फोटो, फोटो! पाया पडतानाचा घे रे!" सुदेश माईकवरूनच म्हणाला.

तिचे गुडघे वाकायला आतुर झाले होते. पण कुडाळच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: गळ्यात हार असेतो ती जागा नारदाची. तिथे जन्मदाता बाप आला तरी त्याने वाकायचं, आपण नाही. तू वाकलीस तर नारदाला वाकवलंस, आणि हार काढलास तर कीर्तन मोडलंस.

ती वाकली नाही. मांडवात कुजबूज सुरू झाली.

"मोठी झाली मां आता ती! कित्या वाकतली?" मागून टोमणा आला.

"सर," ती हलकेच म्हणाली, "गळ्यात हार आहे."

सरांनी हाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून सुदेशकडचा माईक घेतला.

"सुदेश, तू माझ्या तासाला कधी बसला नाहीस, ते आज सगळ्या मांडवाला कळलं." हशा पिकला. सरांनी हात वर केला तसा तो थांबला, जसा वर्गात थांबायचा. "तिका कोण पायां पडाक सांगता? ती नारदाच्या गादयेर उभी आसा. हय विद्यार्थी ती न्हय, मी." त्यांनी माईक आणि नारळ सुदेशच्या हातात दिले आणि एक हात गुडघ्यावर टेकून, सावकाश, ते प्राजक्ताच्या पायांशी वाकले.

ती काठीसारखी ताठ उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पाय मागे घेतला नाही. तिने सरांच्या कपाळी बुक्का लावला. सर खाली गेले ते खुर्चीकडे वळलेच नाहीत. पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनीच टाळी वाजवून गजर धरला. वड्यांच्या वाटेवर असलेली माणसं वळली. दीपिकाने दोघांना तर हाताला धरून बसवलं.

मग काय वर्णावा तो उत्तररंग! प्राजक्ताने स्वतः रचलेलं आख्यान: धुक्यात वाट चुकलेला मिठबावचा एक तांडेल, आणि त्याच्या होडीला किनारा कळावा म्हणून पहाटेपर्यंत टाळ वाजवत उभा राहिलेला सगळा गाव. "वळव देवा, वळव माझी नाव किनाऱ्याकडे," असं तिने आळवलं आणि अख्खा मांडवच तो गाव झाला. मस्कतवाला रडत रडत टाळ्या पिटत होता. सुदेशला माईकची आठवण राहिली नाही. होडी वाळूला लागली तेव्हा असा गजर उठला की वडेवाला झारा घेऊन बघायला आला.

आरती झाली. प्राजक्ताने हार उतरवून देवापुढे ठेवला आणि धावत येऊन सरांच्या पायांवर डोकं टेकलं. तिला उठवून सर म्हणाले, "तांडेलाच्या बायकोला तू एकच ओळ दिलीस. पहाटेपर्यंत किनाऱ्यावर उभी होती ती. तिला एक अख्खं पद हवं."

"रचते, सर," ती हसत, डोळे पुसत म्हणाली.

"पुढचा कीर्तन खंय आसा?"

"आरोंद्याक. देवळातल्या उत्सवाक."

"मगे मी येतंय. गाडयेत जागा नसली तर पेटी मांडीर घेवन बसान."

"माका नको, माका नको म्हणत इतकी वर्सां काढलास, सर!" दीपिका मध्येच म्हणाली.

"तू गप गो. जा, पानां मांड. भूक लागली."