कुशीवर ठेवलेले ठोकळे

कॉलेजच्या दाब-मशीनवर मी बावीस वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडतोय. जिल्ह्यातला एकही पूल माझ्या हाताखालून गेल्याशिवाय उभा राहिलेला नाही, असं मी कुणालाही सुनावतो. त्यामुळं तुळजापूरच्या वैदेही मॅडम तीन काळपट ठोकळे घेऊन आल्या आणि "काका, जरा जपून" म्हणाल्या, तेव्हा मला रागच आला. मला शिकवतात!

दगड आसामचा, ऑइल शेल. पातळ थरांचा, तापवला की तेल सोडणारा. जमिनीत खोल, वरच्या ओझ्याखाली हे थर किती दबतात, कधी तुटतात, यावर मॅडमची पीएच.डी. पाच वर्षं चाललेली. बोअरमधून निघालेल्या दगडाचे हे शेवटचे तीन ठोकळे. यांवरच सगळं ठरणार होतं.

"प्राचार्यांची सही घेऊन येते, मग सुरू करू," म्हणून त्या गेल्या. म्हटलं, येईपर्यंत उरकून टाकू. बघू दे, गुरुलिंग काय चीज आहे.

एकेक ठोकळा दीडशे किलोन्यूटन भारापर्यंत टिकेल, असं त्यांच्या कागदावर होतं. पहिला चाळीसलाच गेला. फुटला नाही, उभा फाटला, पापुद्रे सुटे झाले. दुसरा अडतीसला. आता थांबावं, तर मी इरेला पेटलो. तिसराही गेला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मॅडम आल्या, आकडे बघून स्टुलावर मटकन बसल्या.

"दगडच कच्चा हाय, मॅडम," मी ठोकून दिलं.

त्यांनी त्यांच्या पीएच.डी.च्या सरांना फोन लावला. "सर, माझं गणितच चुकलंय. जर्नलला पाठवलेला पेपर मागं घेऊ या." आवाज रडवेला झाला होता.

तिसऱ्याचे तुकडे अजून मशीनमध्येच होते. एकावर वरची बाजू दाखवणारा पांढरा बाण दिसला. त्याचं टोक छताकडं नव्हतं, भिंतीकडं होतं. मला दरदरून घाम फुटला.

काँक्रीटचा ठोकळा कुशीवरच ठेवतात, कारण त्याची वरची बाजू थापीनं सारवलेली, ओबडधोबड असते. हाताला तीच सवय. बाणाकडं न बघता मी तिन्ही वळवले होते. वही आडवी ठेवून दाबली तर पानं घट्ट बसतात, उभी धरून दाबली तर फाकतात. मी थरांना उभं धरून दाबलं होतं.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर तसं मनात आलंही.

"मॅडम, कुशीवर ठिवले म्या. बाण बघितलाच न्हाय."

"तिन्ही?"

"व्हय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. पलीकडून सर विचारत होते, "वैदेही, मग मागं घ्यायचा ना पेपर?"

"न्हाय सर," मी म्हणालो. "म्या गुरुलिंग, लॅबमधला. ठोकळे म्या चुकीचे लावले. मॅडमचं गणित चूक का बरोबर, ते तपासायला आता दगडच उरला न्हाय."