पुष्पलताबाईंनी शिवलेलं कव्हर

"काकू, हे कव्हर लावूनच चालवत होते का तुम्ही?"

अंकुशने लॅपटॉप पालथा घातला होता आणि खालचे बारीक स्क्रू काढून एकेक करत डबीत टाकत होता. जरीपटका भागातल्या बाजारात पहिल्या मजल्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान. टेबलाजवळच्या स्टुलावर पुष्पलताबाई पदर आवळून बसल्या होत्या. कव्हर बाजूला पडलं होतं. वरून निळं रेक्झिन, मध्ये फोम, आतून मऊ फ्लॅनेल, कडेनं पांढरी पायपिंग. पुस्तकासारखं उघडायचं, म्हणजे लॅपटॉप आतून काढायची गरजच नाही.

"हाव. लावूनच," त्या म्हणाल्या. "घरात धूळ किती येते. अन् दिवसभर कूलर चालू, त्याचे शिंतोडे उडते."

"अन् बाजूच्या जाळीवर ही पट्टी कायले लावली?"

"तिथून आवाज येऊन राहिला होता घरघर. मले वाटलं, धूळ जाते."

अंकुश मान वर न करताच म्हणाला, "तिथूनच तं त्याची गरम हवा निघते काकू. पंखा आहे तिथं. कोणी शिवलं हे?"

आयुष्यात पहिल्यांदाच पुष्पलताबाईंना हा प्रश्न नकोसा वाटला होता. एरवी कोणी विचारायचा अवकाश, की त्या मापापासून सांगायला सुरुवात करत. वस्तीत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या कव्हरवाल्या काकू. मिक्सरचं कव्हर, शिलाई मशीनचं कव्हर, स्कूटरच्या सीटचं, हार्मोनियमच्या पेटीचं. स्वतःच्या घरात तर फ्रिजच्या हँडलला बाही होती आणि रिमोटला सदरा. दीप्ती, त्यांची मुलगी, लहानपणी म्हणायची की आई, एक दिवस बाबांनाही कव्हर शिवून चेन लावून ठेवशील. पण बाईंचा मिक्सर एकोणीस वर्षं चालला होता आणि टीव्हीवर एक ओरखडा नव्हता. वस्तू एकदाच येते घरात, असं त्या म्हणत. ज्यांच्या घरी लहानपणी स्वयंपाकाच्या पितळी गंजाखेरीज जपण्यासारखं काही नव्हतं, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

अंकुशने खालचं झाकण उचललं. करपल्याचा वास आला. पंख्याच्या पात्यांत निळसर तंतूंचा बोळा बसला होता. बॅटरी फुगलेली होती आणि हिरव्या बोर्डावर चिंचोक्याएवढा काळा डाग पडला होता. फ्लॅनेल निळं होतं. पुष्पलताबाईंनी ते तंतू ओळखले आणि नजर खाली घेतली.

"आतमध्ये काय होतं?"

"गाणे. एकतीस."

"पेनड्राईव्हमध्ये, मोबाईलमध्ये कुठं नाही?"

"नाही बाप्पा. यातच."

आता ही एकतीस गाणी कोणाची, ते सांगायला हवं. पुष्पलताबाईंचे यजमान देवाजी. नोकरी कारखान्यात वेल्डरची, पण वस्तीत ओळख गळ्याची. त्यांचे वडील छप्पन साली धम्मदीक्षा घ्यायला पारशिवनीकडून पायी आले होते, आणि येताना आणि जाताना रस्त्यानं त्यांना गाणी सुचली होती. कागदावर कधी उतरली नाहीत. बापाकडून लेकाकडे आली, ती तोंडानंच. दर चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देवाजी उभे राहिले की मागे ढोलक आणि पेटी धरणारे दोघं असायचे. ते दोघंही आता नव्हते. मग गेल्या हिवाळ्यात देवाजींच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस दीप्ती पुण्याहून येऊन राहिली. माईक आणला, स्वतःचा जुना लॅपटॉप मांडला, आणि बापाला रोज दोन-तीन गाणी म्हणायला लावली. आवाज घोगरा झाला होता, मधेच दम लागे, पण चाल कुठं सुटली नाही. एकतीस झाली. जाताना लॅपटॉप बाबांसाठी ठेवून गेली. म्हणाली, उन्हाळ्यात आली की सगळं कॉपी करून घेते. आणि पुष्पलताबाईंनी त्याच आठवड्यात माप घेतलं.

ऑपरेशननंतर देवाजींच्या गळ्याखाली श्वासासाठी भोक राहिलं. आवाज गेला. बोलायचं ते दीप्तीच्या लहानपणच्या पाटीवर लिहायचे. रोज दुपारी खाटेवर बसून लॅपटॉप मांडीवर घेत आणि स्वतःचीच गाणी पहिल्यापासून ऐकत. ओठ हलत. कधी कधी मांडीवर ताल धरत. घरात तेवढीच एक वेळ अशी होती की पुष्पलताबाईंना घर पूर्वीसारखं वाटे.

मे महिना लागला. एका दुपारी देवाजींनी पाटी पुढे केली. लिहिलं होतं, 'हात लावून पाहा. फार तापलं.' पुष्पलताबाईंनी वरवर हात लावला आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस डिग्रीत माणूस तापून राहिला तं मशीन नाही तापणार?" त्या संध्याकाळी त्यांनी जाळीवर येईल अशी पट्टी कव्हरला शिवली. त्यानंतर चार दिवसांनी पडदा काळा झाला तो झालाच.

हे सगळं त्यांना स्टुलावर बसल्या बसल्या आठवत होतं.

"आजकाल यात डिस्क वेगळी नसते काकू," अंकुश सांगत होता. "बोर्डावरच चिप बसवलेली असते. हैदराबादले एक जण आहे, जळलेल्या बोर्डावरून चिप काढून वाचते तो. पाठवून पाहतो. पण मी काही तुम्हाला आस लावून नाही राहिलो."

"पाठव गा बापा. पाय पडते तुह्या."

"असं नका बोलू. अन् काकू, राग नका मानू, पण हे असं बंद कव्हर काही कामाचं नाही. ठेवून द्यायला ठीक आहे. चालवायचं असलं तं काढावंच लागते. याले हवा पाहिजे."

हवा पाहिजे. पुष्पलताबाई जिना उतरल्या तरी तेवढे दोन शब्द त्यांच्या कानातून जाईनात. दवाखान्यातल्या सिस्टरने हेच सांगितलं होतं, देवाजींच्या गळ्याबद्दल. भोकावर झाकायला कापड पातळ घ्या, बाई, हवा गेली पाहिजे. त्यांनी मलमल आणून सहा पट्ट्या शिवल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टी स्वतःच्या नाकातोंडावर धरून श्वास घेऊन पाहिली होती. माणसासाठी एवढं कळलं. मशीनसाठी अक्कल कुठं गहाण पडली होती, कोण जाणे.

घरी देवाजी दाराकडेच डोळे लावून बसले होते.

"हैदराबादले पाठवलं," त्या म्हणाल्या. "होऊन जाईन म्हणते अंकुश." आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे बावीस दिवस त्यांचा जीव टांगणीला होता. अन्न गोड लागेना. शिवायला आलेली कामं त्यांनी परत केली. दीप्तीचा फोन आला की देवाजींच्या तब्येतीचं सांगून ठेवून देत. शेवटी एकदा दीप्तीनंच धरलं.

"आई, अंकुशशी बोलली मी. तू मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू वं. मीच मारलं त्याले."

"तू एकटीनं नाही. कॉपी करायले दहा मिनिटं लागले असते मले. दहा मिनिटं. बाबांना माहीत आहे, कशानं जळलं ते?"

"नाही."

"सांग त्यांना. मी सांगितलं तं ते तुह्याशी बोल..." दीप्ती तिथंच थांबली. बोलणार कशानं, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

तेविसाव्या दिवशी अंकुशचा निरोप आला. पुष्पलताबाई गेल्या. तो उभाच राहिला त्यांना पाहून, आणि तिथंच त्या समजल्या. चिप निघाली होती, पण तिच्यातून काही वाचता आलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप नीट बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. कव्हर वेगळं दिलं.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही वस्तू खाटेवर ठेवल्या आणि खाली जमिनीवर बसल्या.

"गाणे गेले," त्या म्हणाल्या. "एकही नाही निघालं. अन् ते माह्यामुळं गेले. मी कव्हर घातलं, हवा बंद केली, म्हणून जळलं ते. तुम्ही सांगत होते तरी मी ऐकलं नाही."

देवाजींनी पाटी घेतली. लिहायला वेळ लागला.

'माहीत होतं. रोज मांडीले चटका बसे.'

"मग काढून काहून नाही फेकलं?"

'तू इतकं मन लावून शिवलं होतं.'

पुष्पलताबाईंनी ते वाचलं आणि तोंडात पदर कोंबला. देवाजींनी पाटी तळव्यानं पुसली. पुन्हा लिहिलं. 'शब्द लिहून ठेवतो वहीत. चाल कशी लिहू?'

त्या बोलल्या, "मी म्हणून पाहू?" चाळीस वर्षं ऐकलं होतं की हे. त्यांनी घसा खाकरला आणि पहिलं गाणं धरलं, सासऱ्यांनी कन्हान नदीचा पूल ओलांडताना केलेलं. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीला सूर भलतीकडेच गेला. देवाजींनी मान हलवली आणि बोटानं पाटीच्या चौकटीवर ताल दिला. त्या पुन्हा सुरुवातीपासून आल्या, पुन्हा तिथंच अडल्या. तिसऱ्यांदा देवाजींनी तोंड उघडून दाखवायचा प्रयत्न केला. गळ्यावरची मलमल तेवढी फडफडली.

चाळीस वर्षं देवाजी त्या खोलीत गात आणि पुष्पलताबाई या खोलीत शिलाई मशीन चालवत. कामात खंड नको म्हणून कधी थांबून ऐकलं नव्हतं. त्यांच्या कानात अर्धं गाणं होतं आणि अर्धी मशीनची घरघर.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. कूलरमधलं पाणी संपून तो नुसताच खडखडत होता, पण उठून कोणी बंद केला नाही. मग देवाजींनी पेन्सिल उचलली. पाटीची एक कड टवकली होती, चौकटीचा खिळा निघाला होता. त्यांनी लिहून ती बायकोच्या मांडीवर ठेवली.

'याले एक शिवून दे. हे तापत नाही.'

पुष्पलताबाईंनी वर पाहिलं. देवाजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी ते हसत होते. त्या उठल्या, लॅपटॉपचं कव्हर घेतलं, शिलाई उसवली. पायपिंग काढली, चेन काढली, फ्लॅनेल वेगळं करून बाजूला टाकलं. टेप आणून पाटीचं माप घेतलं, दहा बाय सात, आणि निळ्या रेक्झिनवर खडूनं रेघ मारली. बावीस दिवसांनी शिलाई मशीनवरचं कव्हर निघालं.

दिवेलागणीपर्यंत काम झालं. पाटी आत बरोबर बसली, कुठं सैल नाही, कुठं घट्ट नाही. पुष्पलताबाईंनी ती पुन्हा बाहेर काढली. कव्हर पालथं करून मांडीवर ठेवलं, कात्री घेतली आणि मागच्या बाजूला मधोमध हाताएवढं भोक कापलं. त्यावर आतून मलमलीचा तुकडा लावून चारी बाजूंनी टीप मारली. मग ते नाकातोंडावर धरून एकदा श्वास घेऊन पाहिला.

देवाजी खाटेवरून बघत होते. पाटी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी पुढे केली.