सहा महिन्यांचे पाहुणे

"थंय कोण रावना गो बाय," महादेवभाऊ अंगणातूनच म्हणाले; घरामागे कुणी राहतच नाही म्हणे. मागच्या दोरीवर तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक वाळत होता. तो मात्र भाऊंच्या बाजूने साक्ष देईना.

सुमंगलाबाई हातात खडू धरून उभ्या राहिल्या. घरोघरी पोलिओचा डोस द्यायचा, मुलाच्या करंगळीला शाई लावायची, दारावर खडूने खूण करायची. अंगणवाडीतल्या बावीस वर्षांत हे अंगवळणी पडलेलं. अडचण होती भाऊंच्या घरामागच्या चार खोल्यांची. भाऊ पंचायतीचे पंच आणि खोल्यांना घरनंबर नाही. नंबर नाही म्हणजे खोली नाही, खोली नाही म्हणजे भाडेकरू नाहीत. तिथली मुलं मग बाईंच्या रजिस्टरात 'पाहुणे' या रकान्यात जात. आजवर एकतीस. एवढा पाहुणचार गावात दुसऱ्या कुणी केला नसेल. अंगणवाडीही भाऊंच्याच ओसरीवर भरे, बोलायचं कुणी?

भाऊ आत गेल्यावर त्या मागे गेल्या. दुसऱ्या खोलीत पार्वती, दोडामार्गकडची. नवरा सदाशिव खाणीवर टिपर चालवतो. पोरगी प्राजक्ता, वजन जेमतेम नऊ किलो. डोस देऊन, शाई लावून बाईंनी रजिस्टर उघडलं.

"परत पावणेच लिवतास?" पार्वती म्हणाली. "पावणो सा म्हयने खय रवता, बाई? पावण्यांक खाऊची पाकिटां नाय, हॉस्पिटलची चिठी नाय."

"फाल्यां सुपरवायझर रजिस्टर बघूक येतली. लिवलां तर भाऊंक कळतलां. खोली गेली तर खंय जातलीस?"

"आणि तुमची ओसरी गेली तर तुमी खय जातल्यात?"

बाईंनी दारावर खूण केली. रजिस्टरात पोरीचं नाव घातलं, पुढचा राहण्याचा रकाना मात्र कोराच ठेवला.

सकाळी दार ओलं होतं, खूण गायब. भाऊंनी सुपरवायझर तेजस्विनी मॅडमसाठी खुर्ची मांडली, चहा मागवला.

"मागे कोण राहतं?"

"कोण ना. पावणे येतात, जातात."

मॅडमनी रजिस्टर चाळलं. "सुमंगलाबाई, हा रकाना कोरा का?"

भाऊ बशीत चहा ओतत होते. बशी इतकं लक्ष देऊन भरताना त्यांना कधी कुणी पाहिलं नसेल. तेवढ्यात पार्वती मागून आली आणि पोरीची करंगळी मॅडमपुढे धरली. शाई ताजी होती.

"कधीपासून राहता?"

"चवथीच्या आदीपासून."

मॅडमनी रजिस्टर बाईंपुढे सरकवलं. बाईंनी पेन काढलं. 'मागची दुसरी खोली. घरनंबर नाही. राहतात.' अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचण्यासारखं होतं. मॅडमनी तिथेच हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली.

"चा घे गो बाय," भाऊ म्हणाले. इतक्या गोड आवाजात की बाईंनी कप तसाच खाली ठेवला.

सोमवारी अंगणवाडीची पाटी खिळ्यावर नव्हती. पायरीला टेकवून ठेवलेली, शेजारी चटई आणि वजनाचा काटा. ओसरीला कुलूप. मुलं अंगणाबाहेर उभी होती. मागच्या दुसऱ्या खोलीच्या दारातही सामानाची दोन बोचकी बांधलेली दिसत होती; ती जायची की नुसती तयार ठेवलेली, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही.

त्यांनी पाटी पदराने पुसली. रस्त्याकडेच्या काजूच्या फांदीला काटा अडकवला, रजिस्टर उघडलं आणि हाक मारली, "प्राजक्ता सदाशिव."

पोरगी काट्याच्या झोळीत बसली. काटा थरथरत होता. तो थांबेपर्यंत बाई पेन उघडं धरून उभ्या राहिल्या.