खालचा आकडा

मित्रांनो, बोटाला चिमट्यासारखं लावतात ना, ते ऑक्सिमीटर म्हणजे मी. आता म्हातारा झालोय, काचेवर चरे पडलेत. ओझरच्या वाल्मीकभाऊंकडे मी कोरोनात आलो. काय थाट होता तेव्हा माझा! सगळी गल्ली मला मागायला यायची. वरचा आकडा ऑक्सिजनचा. तो पंच्याण्णवच्या पुढे दिसला की माणसं हुश्श करायची. खालचा नाडीच्या ठोक्यांचा. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. साथ सरली आणि मी कपाटात किल्ल्यांच्या ढिगात पडलो.

गेल्या दिवाळीनंतर भाऊंना जिना चढताना धाप लागू लागली. पावलं सुजली. राखीवहिनींनी मला हुडकून नवे सेल घातले. वर सत्त्याण्णव, खाली एकशे अठ्ठेचाळीस! तेही भाऊ निवांत बसलेले असताना. बसल्याजागी साठ ते शंभर असायला हवेत.

"बघ, ऑक्सिजन फस्क्लास हाय. उगा घाबरू नको," भाऊ म्हणाले.

"अहो, पण खाली एवढे ठोके?"

"जुनं मशीन ते. कायपण दाखवतं."

कायपण? असा संताप आला! पण मला तोंड कुठंय? तीन आठवडे रोज हेच चाललं. वहिनीही मग माझ्यावरच शंका घेऊ लागल्या.

एक दिवस आडवं पडलं तरी भाऊंना श्वास पुरेना, तेव्हा वहिनींनी नाशिक गाठलं. मी पर्समध्ये होतो. डॉक्टर मोहिनीताईंनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला.

"महिनोन्‌महिने ठोके असे पळतायत. हृदयाचा स्नायू पार दमलाय. दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त पुढे जायला हवं, यांचं जेमतेम पाव जातंय."

"बरे होतील ना हो?" वहिनी रडायलाच लागल्या.

"ठोके आवरले की बहुतेकदा स्नायू पुन्हा बळ धरतो. पण आज शब्द देत नाही."

गोळ्या सुरू झाल्या. पुढे डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत तार घालून, चुकीचे ठोके जिथून सुटत होते ती जागा जाळली. ठोके ताळ्यावर आले. पण हृदय सावरतंय की नाही, ते तीन महिन्यांनी कळणार होतं. कसे काढले आम्ही ते दिवस! वहिनी रोज मला लावून खालचा आकडा मोठ्याने वाचायच्या.

परवा इको झाला. हृदय निम्म्याहून जास्त रक्त ढकलू लागलंय! घरी आल्या आल्या भाऊ म्हणाले, "आता गोळ्या बंद करू?"

"डॉक्टरांना न विचारता एक तरी चुकवून बघा!" वहिनी कडाडल्या.

मित्रांनो, घरात कुणाचे ठोके बसल्याजागी असे पळताना दिसले, तर मला नावं ठेवत बसू नका. मी खोटा निघालो तर खुशाल फेकून द्या, पण ते माणूस डॉक्टरांकडून परत आल्यावर.