मोडला तो मी, घोटा नव्हे

मी एक जुना, मोडका स्क्रू आहे. मोडका म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका, मित्रांनो. डब्याच्या तळाशी गंजत पडलेल्या, डोकं झिजलेल्या स्क्रूंमधला मी नाही. मी माणसाच्या घोट्यात राहतो. दोन तुकड्यांत राहतो, पण थाटात राहतो.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. चांगल्या पोलादाची कांडी यंत्रावर फिरवून तिच्यावर एकसारखे आटे पाडले आणि मला घासूनपुसून लखलखीत केलं. मग एका तपासनीस बाईंनी भिंग लावून माझा आटा न् आटा पाहिला. सुनेनं घासलेलं भांडंसुद्धा सासू इतकं निरखून पाहत नसेल. शेवटी "चालेल" एवढंच म्हणाल्या. तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी दिवस फुशारकीत काढले.

पुढे इस्पितळात आलो. तिथे मला वाफेत शेकायचे, ट्रेमध्ये मांडायचे आणि काम संपलं की पुन्हा आत ठेवायचे. शेजारचे लांब-आखूड भाऊ एकेक करून कामाला लागले. मी आपला तिथेच, लग्नघरात कुणी न विचारलेल्या पाहुण्यासारखा. आणि एक दिवस माझा मिस्त्री आला.

हा माणूस सुतार. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. माळ्यावरून फळ्या उतरवताना जमिनीवर पडलेल्या गोल दांडक्यावर त्याचा पाय पडला, पाऊल बाहेरच्या बाजूला पिरगळलं आणि मिस्त्री आडवा झाला. हाड शाबूत होतं, पण घोटा खिळखिळा झाला होता. त्याचं असं असतं मित्रांनो, की नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाजूचं बारीक हाड, या दोघांची मिळून खाली एक खाच होते. त्या खाचेत पावलाचं हाड बसतं. ही दोन हाडं चिवट पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. मिस्त्रीच्या त्या पट्ट्या फाटल्या, हाडांमध्ये फट पडली आणि खाच रुंदावली.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला कमरेखाली बधिर केलं होतं, पण जीभ काही बधिर केली नव्हती. पडद्याच्या पलीकडून तो विचारत होता, "डॉक्टर बाई, स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडलंत ना? नाहीतर तडकतं."

"पाडलं, मिस्त्री. आणि हे लाकूड नाही, तुमचं हाड आहे."

"तरी पण. विचारलेलं बरं."

सगळी खोली हसली. त्या हसण्यातच मी बारीक हाडातून शिरलो आणि जाड हाडात घट्ट रुतून बसलो. फट मिटली. इतकी वर्षं ट्रेमध्ये पडून राहिलो ते कशासाठी, ते मला त्या क्षणी कळलं.

आता मला डोळे नाहीत. पण हाडातून ऐकू येतं, आणि हाडातून आलेलं बोलणं मध्ये कुठे पातळ होत नाही. घरी सगळ्यांच्या बोलण्यात एकच गोष्ट होती: मिस्त्री पुन्हा आपल्या बाकाशी उभा राहील का? त्याचा तो कामाचा लाकडी बाक, दिवसभर त्याच्याशी उभं राहायचं, एका पायावर भार देऊन रंधा मारायचा. ते गेलं तर मिस्त्रीमध्ये उरलं काय?

लेकीच्या मदतीला म्हणून त्याच्या सासूबाई येऊन राहिल्या होत्या. शाळा फारशी पाहिलेली नाही, पण जीभ अशी, की मिस्त्रीची पटाशी तिच्यापुढे बोथट. जावयाचा मान मात्र कधी सोडायच्या नाहीत. "जावईबापू, पाय खाली टेकू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय. तोंडाला विश्रांती द्यायला काही मनाई नाही केली."

प्लास्टर निघालं, मग व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या. पायाच्या बोटांनी टॉवेल ओढा, घोटा वर-खाली करा, ओट्याला धरून एका पायावर उभे राहा. मिस्त्री डगमगायचा आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकवायच्या, "माझी नात यांच्यापेक्षा लवकर उभी राहिली होती. आणि तिला तर दात पण नव्हते!" नात खिदळायची, मिस्त्री चिडून आणखी थोडा वेळ उभा राहायचा. आत फाटलेल्या पट्ट्या धाग्याला धागा जोडत भरून येत होत्या. मी दोन्ही हाडांना धरून बसलो होतो, अवघडलेला पण आनंदात. काठी सुटली. मिस्त्री गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लागला.

आणि असाच एकदा तो चालत असताना मी मधोमध मोडलो.

मला दुखलं नाही. त्यालाही नाही. तो शीळ घालत घरी आला आणि व्यवस्थित जेवला. पुढच्या तपासणीला एक्स-रे काढला, तेव्हा त्याला माझे दोन तुकडे दिसले. "मोडला की हो!" तो ओरडला.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "अहो, काळजीचं कारण नाही. पट्ट्या भरल्यात, खाच नीट आहे. चालताना ही दोन हाडं एकमेकांपासून जराशी हलतात, हलायलाच हवीत. स्क्रूनं धरून ठेवलं होतं, ते हलणं सोसून सोसून तो मोडला. आता धरायची गरजही उरलेली नाही. तुम्ही चालत राहा."

तिथे मान डोलावली, आणि घरी येऊन मिस्त्रीनं पाय उशीवर ठेवला तो उचलेचना. बायको काकुळतीला आली, "अहो, डॉक्टर बाई सांगतायत ना!"

"गोड बोलतात. आम्ही पण गिऱ्हाइकाशी गोडच बोलतो. अगं, स्क्रू मोडला म्हणजे सांधा गेला. आयुष्यभर हेच केलंय मी, मला शिकवतेस?"

सासूबाई म्हणाल्या, "पाय काल दुखत नव्हता. फोटो पाहिल्यावर दुखायला लागला. असा फोटो मी आजवर पाहिला नाही."

पण मिस्त्रीचं मन खचलं ते खचलंच. घोटा पुन्हा आखडायला लागला. माझ्या नावानं तर त्यानं अशी लाखोली वाहिली, की तपासनीस बाईंनी ऐकली असती तर भिंग फेकून मारलं असतं. शेवटी त्यानं बाक आणि सगळी हत्यारं विकायला काढली. पलीकडच्या गल्लीतला फर्निचरवाला सामान पाहायला आला. मिस्त्री पुन्हा काठी टेकत आपल्या सुतारकामाच्या शेडमध्ये गेला, मागोमाग सासूबाईही गेल्या.

फर्निचरवाल्यानं काहीतरी जड लोखंड खणकन बाकावर ठेवलं. "हा क्लॅम्पही देणार ना, मिस्त्री?"

"हे कशाला असतं हो?" सासूबाईंनी विचारलं.

"सांध्याला सरस लावला की हा आवळायचा," मिस्त्री म्हणाला. "सरस वाळेपर्यंत धरून ठेवतो."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर काढायचा."

"काढायच्या आधीच मोडला तर?"

"मोडला तर मोडला. सरस धरतो ना मग. खुर्चीला काय होतंय!"

मिस्त्रीनं क्लॅम्पचा दांडा फिरवल्याची करकर मला हाडातून ऐकू आली.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग तुमच्या घोट्यात डॉक्टर बाईंनी काय बसवलं होतं, जावईबापू?"

मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मिस्त्रीनं माझ्या पायावर, हो, माझ्याच, आधी थोडा आणि मग सगळा भार टाकला. टाच उचलली. टेकवली. पुन्हा उचलली. दोन्ही हाडं केसभर हलली आणि नव्या पट्ट्यांनी त्यांना अलगद जागेवर आणलं. मी मध्ये नव्हतोच. मला इतका आनंद झाला, की दोन तुकड्यांत मावेना.

"च्यायला," मिस्त्री म्हणाला, "हा क्लॅम्प होता होय!" आणि हसायलाच लागला. सासूबाई जोडीला, मग काही न कळता फर्निचरवालाही.

"मिस्त्री, मग बाक?"

"बाक नाही विकायचा. पण आलायस तर दुसरं टोक धर. उजेडाकडे सरकवू."

"म्हणजे मी रिकाम्या हातानं जाऊ?"

"रिकाम्या हातानं कशाला? चहा घ्या आणि मग जा," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, सावकाश! आखडलाय घोटा, पुन्हा व्यायामापासून सुरुवात करायची आहे."

केलीही. आता तो दिवसभर बाकाशी उभा असतो. डॉक्टर बाईंनी दोन्ही पायांवर पाळीपाळीनं उभं करून पाहिलं, दोन्ही सारखेच निघाले. माझे तुकडे काढायचे का, असंही विचारलं. "त्रास देत नाही, राहू द्या बिचाऱ्याला," मिस्त्री म्हणाला. तेव्हापासून मी इथेच आहे, बिनकामाचा आणि सुखी.

मित्रांनो, पाय पिरगळला तर तेल चोळत घरी बसू नका, दाखवून घ्या. डॉक्टरांनी टेकू नका म्हटलं तर टेकू नका, आणि चाला म्हटलं की कुरकुर न करता चाला. अडचणीत ज्यानं तुम्हाला धरून ठेवलं, तो पुढे मोडला तर त्याच्यावर लगेच डाफरू नका. आधी स्वतःचा पाय टेकून पाहा. टेकला? मग त्याचं काम झालं. आता तुमचं काम करा, चालायला लागा.