एंटरखालचा पाक

मित्रांनो, नगरच्या सावेडीत एका फ्लॅटमध्ये पडून असलेला मी एक म्हातारा कीबोर्ड आहे, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. राग मानू नका. तुम्ही आत्ता हात धुऊन बसला असाल असं मी धरून चाललो आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सगळे जण हातमोजे घालायचे. त्यामुळे माणसाचा हात पांढरा, कोरडा आणि बिनवासाचा असतो अशी माझी समजूत झाली. मग मला पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात घातली आणि मी माळीवाड्यातल्या एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसलो. तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ. मला कुणीही विकत घेत नव्हतं.

शेवटी सुमंत सरांनी घेतलं. सर आणि त्यांच्या पत्नी शोभाताई या फ्लॅटमध्ये सॉफ्टवेअरची कंपनी चालवतात. हॉलमध्ये कंपनी बसते, बेडरूममध्ये मीटिंग होते आणि बाल्कनीत कंपनीचे कपडे वाळतात. मला वरदच्या टेबलावर ठेवलं. वरद हा तिथला इंजिनिअर. शांत, हुशार मुलगा. एका हाताने भेळ खातो आणि दुसऱ्या हाताने टाइप करतो. कुठला हात कुठल्या कामाचा, हे मात्र त्याचं कधी ठरलेलं नसतं.

मित्रांनो, माझं काम तुम्हाला सांगायला हवं. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर. त्याला आपण कधी बघत नाही. इथे बसून स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडायची आणि तीत पांढऱ्या अक्षरांत कमांड टाइप करायची. माऊस नाही, चित्रं नाहीत, गोड बोलणं नाही. एंटर दाबली की तिकडे ते घडतं. असे तीन सर्व्हर वरदने माझ्यावर टाइप करून उभे केले. पहिला खरा, त्यात खऱ्या नोंदी. दुसरा चाचणीचा, त्यात वरदने मनाने रचलेले पेशंट. (त्यातल्या एकाचं नाव ‘श्री. मिसळ पाव’ होतं, वय तीनशे.) तिसऱ्यावर खऱ्याची नक्कल ठेवायची होती. तो तिसरा नुसता उभा होता. नक्कल चालू करायचं काम येत्या सोमवारी होतं. कुठल्या सोमवारी, हे कुणी विचारलं नव्हतं.

पेशंट कसले, तर मोतीबिंदूचे. नेवाशाची एक संस्था गावोगावी डोळ्यांची शिबिरं घेते. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचं माप तिथेच घेतात, म्हणजे कुणाच्या कुठल्या डोळ्यात कितव्या नंबरचं भिंग बसवायचं ते. ते माप आमच्या खऱ्या सर्व्हरवर येतं, आणि नगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर ते बघून ऑपरेशन करतात. हे काम मिळालं त्या दिवशी सर फार खूश होते. माझ्यावर थाप मारून म्हणाले, कीबोर्ड दणकट आहे हं. माझं एवढंच कौतुक आजवर झालं. त्यांच्या त्या हाताला गुलाबजामचा पाक होता.

त्या पाकाचा एक मोठा थेंब एंटरच्या फटीत शिरला. वरदने बघितलं. त्याने बोट चाटलं आणि त्याच ओल्या बोटाने एंटर पुसली. यावर मी काय बोलू? तेव्हापासून मुंग्या येऊ लागल्या. वरद विचारात पडला की नखं कुरतडतो, तीही माझ्यातच पडायची. नेट बंद पडलं की केबलवाला बिभीषण यायचा. तो तंबाखू-सुपारीचा मावा खातो, आणि नेट का बंद पडलं ते माझ्यावर वाकून, मावा तोंडात ठेवूनच समजावून सांगतो. ते का बंद पडायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण मावा कुठल्या टपरीचा ते मी सांगू शकेन.

आता टिकलीचं सांगतो. खऱ्या सर्व्हरची खिडकी आणि चाचणीच्या सर्व्हरची खिडकी अगदी सारख्या दिसायच्या. दोन्ही काळ्या. कुठला सर्व्हर ते कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असायचं, पण बारीक लिहिलेलं वाचायचं हा वरदचा स्वभाव नव्हता. एकदा त्याची थोडक्यात चूक होता होता राहिली. तेव्हा शोभाताई उठल्या, आपल्या कपाळाची लाल टिकली काढली आणि मॉनिटरच्या काचेवर डाव्या बाजूला चिकटवली.

“हिच्याखाली आहे तो खरा,” त्या म्हणाल्या. “त्याला हात लावायचा नाही.”

ऑफिसात सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. मॉनिटरलाही आवडली. तो त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग ती दुपार आली. संस्थेचे सॅमसन नेवाशाहून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बस म्हाताऱ्यांना घेऊन हॉस्पिटलात जायची होती. बसमध्ये त्यांची आई दयाबाईही असणार होत्या. दयाबाईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. सॅमसन चहा पिता पिता सांगत होते, की आई आता मला आवाजावरून वळखती, मी खोकलो तर म्हणती शेजारचा आला. सगळ्यांची मापं झाली होती, फक्त कडूबाई म्हणून एक आजी शिबिराच्या रांगेतून पळून गेल्या होत्या. त्यांना धरून आणलं होतं आणि त्यांचं माप तिकडे त्याच वेळी चाललं होतं. ही तारीख हुकली तर हॉस्पिटलची पुढची तारीख थेट संक्रांतीनंतरची होती.

सॅमसन यायच्या थोडं आधी लाईट गेली होती. लाईट आल्यावर वरदने कॉम्प्युटर चालू केला आणि दोन्ही खिडक्या पुन्हा उघडल्या. या वेळी आधी चाचणीची उघडली, मग खरी. त्यामुळे चाचणीची डावीकडे बसली आणि खरी उजवीकडे. टिकली जिथल्या तिथे होती. टिकली काचेवर होती, मित्रांनो. खिडक्या काचेवर नसतात.

कोपरगावला नवं शिबिर होतं. त्यासाठी वरदला चाचणीचा सर्व्हर सगळा पुसून नव्याने उभा करायचा होता. त्याने टिकलीकडे नीट बघितलं, टिकली टाळली, आणि उजवीकडच्या खिडकीत सगळं पुसायची कमांड टाइप केली. ती अक्षरं माझ्याच अंगावरून गेली. मी समोरच पडलेला असतो, मला कोपऱ्यातलं बारीक लिहिलेलं दिसत होतं. पण कीबोर्डला स्वतःहून टाइप करता येत नाही. एरवी मला त्याचं काही वाटत नाही.

वरदने एंटर दाबली. एंटर खाली गेली नाही.

पुन्हा दाबली. पाक पार घट्ट झाला होता.

“जोरात दाबा की,” सॅमसन म्हणाले. “लई लाडात वाढवलंय तुमी त्याला.”

वरदने अंगठा लावला, कोपर लावलं. शेवटी मला उचललं, उलटं केलं आणि झटकलं. माझ्यातून शेव पडली, चुरमुरे पडले, नखं पडली, माव्यातलं सुपारीचं खांड पडलं आणि एक अख्खा शेंगदाणा पडला. तो शेंगदाणा मी कितीतरी दिवस सांभाळला होता. सॅमसन भले गृहस्थ, पण त्यांनी तोंड फिरवलं. फिरवलं ते स्क्रीनकडे.

तेवढ्यात उजवीकडच्या खिडकीत एक नवी ओळ उमटली. सर्व्हरवर नवं माप आलं की अशी ओळ उमटते.

“वरदभाऊ,” सॅमसन सावकाश म्हणाले, “तुमच्या खोट्या पेशंटांत आमची कडूबाई कशी काय आली?”

वरदने वाचलं. कडूबाई, डावा डोळा. मग त्याने कोपऱ्यातलं बारीक लिहिलेलं वाचलं. मी अजून त्याच्या हातात उलटाच होतो. त्याने मला जमिनीवर ठेवलं, स्क्रीनपासून लांब, आणि स्वतःही खाली बसला.

शोभाताई आल्या. त्यांनी टिकली बघितली, मग खिडक्या बघितल्या.

“टिकली कुणी हलवली?”

“कुणी नाही, ताई,” वरद म्हणाला. “सर्व्हर हलला.”

त्याच संध्याकाळी नक्कल सुरू झाली. सोमवार नव्हता तरी झाली. आणि मित्रांनो, माझ्याबद्दल असं ठरलं, की एंटर अडकली म्हणून सगळे वाचले, तेव्हा ती साफ करायची नाही. शोभाताईंनी काचेवरची टिकली काढून माझ्या एंटरवर लावली. झटकल्याने ती जराशी सुटली होती, तरी एंटरसाठी अंगठा रोवून उभं राहावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात माणूस कोपऱ्यातलं वाचायचा. जन्मभर मी स्वच्छतेची वाट बघितली, आणि माझ्या घाणीला कंपनीने नोकरी दिली. खंडेनवमीला माझी पूजासुद्धा झाली. हळदकुंकू फटींतून आत गेलं, पाकात कालवलं गेलं, आणि मुंग्यांनी ते आवडीने खाल्लं.

दिवाळीआधी सॅमसन आईला घेऊन आले. दयाबाईंनी काळा चष्मा काढला आणि हॉलभर नजर फिरवली. सुमंत सरांना वाटलं, बाई आता काहीतरी चांगलं बोलणार. ते जरा ताठ उभे राहिले. दयाबाई चालत माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या.

“आगं माय,” त्या म्हणाल्या. “किती घान हाय ही.”

एवढ्या वर्षांत हे कुणाला तरी दिसलं. मला भरून आलं. सगळे एकदम म्हणाले, आजी, ते पुसू नका, पण सॅमसन आईचा हात धरायला गेले तोवर उशीर झाला होता. दयाबाईंनी पदराचं टोक धरलं, तोंडाशी नेलं, त्याला चांगली थुंकी लावली आणि माझी एंटर घासून घासून पुसली. टिकली निघाली, पाकाचा पापुद्रा निघाला, दोन मुंग्या निघाल्या. एंटर टकदिशी खाली गेली आणि वर आली. सगळे स्क्रीनकडे धावले. एक रिकामी ओळ पुढे सरकली होती, बाकी काही नाही.

“आता कसं ल्याकरावानी दिसतंय,” दयाबाई म्हणाल्या.

आयुष्यातली माझी ती पहिली आंघोळ. तिच्याविषयी मी जास्त बोलू इच्छित नाही.

तर मित्रांनो, एवढं ऐका. जेवल्यावर हात धुवा. समोर कोण आहे ते एंटर दाबण्याआधी वाचा, कारण आता ती अडकत नाही. आणि आम्हाला अधूनमधून पुसत जा. फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने. पुन्हा सांगतो, कोरड्या.