घुरघुर

दातांच्या डॉक्टरांनी फावल्या वेळात ॲम्प्लिफायर बनवला. वाजायचा झकास, पण गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक घुरघुर यायची. ती कुठून येते ते शोधायला ऑसिलोस्कोप हवा, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र. नवा, पुस्तकाएवढा मिळत होता. पण डॉक्टर भाळले एका बंद प्रयोगशाळेतल्या जुन्या धुडावर.

"बटणं बघ कशी भक्कम आहेत!"

"बघितली," बायको म्हणाली. "हे ठेवायचं कुठे? माझ्या डोक्यावर?"

ठेवलं सासूबाईंच्या खोलीत, कारण मजबूत टेबल तिथेच होतं. चालू केलं की पंखा घोंघावे आणि मागच्या जाळीतून गरम झळ येई. दवाखाना बंद करून डॉक्टर थेट त्या हिरव्या रेषेसमोर बसत. त्यांनी वायरी बदलल्या, सुटे भाग बदलले, अख्खा ॲम्प्लिफायर ॲल्युमिनियमच्या डब्यात कोंबला. घुरघुर ढिम्म हलेना.

एकदा डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न लावायला सॉकेट मोकळं नव्हतं, म्हणून त्यांनी ऑसिलोस्कोपचा प्लग काढला. स्पीकर चिडीचूप! परत लावला, घुरघुर हजर. मूळचा दोष केव्हाच गेला होता. आताची घुरघुर शेजारी बसलेल्या ऑसिलोस्कोपच्याच ट्रान्सफॉर्मरची होती.

पण रेषा सरळ झालेली डॉक्टरांना डोळ्यांनी बघायची होती, म्हणून नवा छोटा ऑसिलोस्कोप आला. "आता हे धूड भंगारात देतो," त्यांनी जाहीर केलं.

"खबरदार!" जाळीला पाय लावून बसलेल्या सासूबाई कडाडल्या. "माझे गुडघे आत्ता कुठे मोकळे झालेत."

"आई, ते मोजायचं यंत्र आहे. शेगडी नाही."

"मग मोजा की. नको कोण म्हणतंय?"

बायकोने आईची बाजू घेतली. डॉक्टर आपलं चंबूगबाळं घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे फ्रिज सुरू झाला की रेषा थरथरायची, म्हणून तो थांबेपर्यंत ते यंत्राची मोजायची सुई धरून ताटकळत. पडदा इतका इवलासा की दात तपासायचं भिंग लागे. पण अखेर रेषा सरळ झाली. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

"ऐका. काही ऐकू येतंय?"

सासूबाईंनी कान लावला. "काहीच नाही, जावईबापू."

"तेच तर!" डॉक्टरांचा चेहरा फुलला.

सासूबाईंना भडभडून आलं. "होईल हो दुरुस्त," जावयाच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "धीर सोडू नका," आणि धुडाची ऊब निवायच्या आत लगबगीने खोलीत परतल्या.